मालिका, राजकुमार आणि आपण : टिळकवाडीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

जुने सिनेमे आणि वर्षानुवर्षं चाललेल्या मालिका यांवरच्या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही मन लावून आणि बऱ्यापैकी रागावून लिहिलंत. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं पहिलं म्हणणं असं की मी 'सांगत्ये ऐका' आणि 'चार दिवस सासूचे' यांना एकाच पंगतीला बसवलं. सिनेमा ही कला आणि मालिका म्हणजे बायकांचा वेळ खाणारं दळण. दुसरं म्हणणं जास्त झोंबणारं आहे. ज्या कन्नड नट राजकुमारांनी शाळांत कन्नडला पहिलं स्थान मागणाऱ्या गोकाक चळवळीचं नेतृत्व केलं त्यांच्या सिनेमावर बेळगावच्या मराठी मुलीने इतकं भरभरून लिहावं आणि कन्नड मालिकेचंही कौतुक करावं, हे हुतात्म्यांच्या गावाला शोभत नाही, असं तुम्ही लिहिलंत. शेवटी आव्हान दिलंत की मराठीत 'सांगत्ये ऐका'च्या तोडीची एक तरी मालिका दाखव.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तो मला लागला.

१९८२ साली गोकाक अहवालासाठी कर्नाटकभर आंदोलन झालं, राजकुमार त्यात उतरले आणि आंदोलनाला मोठं बळ मिळालं. पुढे १९८६च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध उभी राहिलेली आपली माणसं गोळीबारात गेली. काका, हिंडलग्याच्या स्मारकावर १ जूनला मीही जाते. मराठी शाळा टिकाव्यात, सरकारी कागद मराठीतून मिळावेत, यावर माझं आणि तुमचं एका अक्षराचंही दुमत नाही. पण माझा विरोध सक्तीला आहे. 'बंगारद मनुष्य' मला कुणी सक्तीने दाखवलेला नाही.

तो सिनेमा १९७२चा, गोकाक आंदोलनाच्या दहा वर्षं आधीचा. शिकलेला राजीव गावी येतो, विधवा बहिणीचा संसार अंगावर घेतो, खडकाळ माळ फोडून शेती उभी करतो. भाचे मोठे होतात, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्यातल्याच एकाच्या तोंडून अपमान ऐकल्यावर तो कुणाला काही न सांगता घर सोडून चालू लागतो. बंगळुरूच्या थिएटरात हा सिनेमा दोन वर्षं चालला. खानापूरच्या, येळ्ळूरच्या, निपाणीच्या कुठल्याही शेतकरी घरात ही गोष्ट सांगून बघा, प्रत्येक घरात असा एक मामा किंवा काका निघेल. ज्याने भावंडांसाठी आयुष्य घातलं आणि म्हातारपणी ज्याला ओसरीवर झोपावं लागलं, त्याचं दुःख कन्नड म्हणून मी बाजूला सारू का? राजकुमार चालू लागतात तेव्हा मला रडू येतं, आणि त्या रडण्याने माझं मराठीपण उणं होत नाही.

तुम्ही 'मराठी सिनेमाचा वारसा' म्हणालात. त्या वारशात शांता हुबळीकर आहेत की नाही? हुबळीजवळच्या अदरगुंचीची ही मुलगी १९३९ साली प्रभातच्या 'माणूस'मध्ये मैना झाली. 'कशाला उद्याची बात' अजून लोकांच्या ओठांवर आहे, आणि त्या गाण्यात शांतारामबापूंनी अनेक भाषांतल्या ओळी घेतल्या होत्या. शंकर नाग तर होन्नावरकडचे, मुंबईत मराठी नाटकात वाढले, '२२ जून १८९७'च्या पटकथेत त्यांचा हात होता. तेच शंकर नाग पुढे आगुंब्याला जाऊन 'मालगुडी डेज' करतात आणि अख्खा देश ती मालिका बघतो. १९९०च्या सप्टेंबरमध्ये दावणगेरेजवळ अपघातात ते गेले तेव्हा पस्तिशीतले होते. या माणसाला कुठल्या बाजूला टाकायचं ते मला तरी ठरवता येत नाही, आणि ठरवायचंही नाही.

आता मालिकांकडे येते. इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण 'बायकांचा वेळ खाणारं दळण' हे वाक्य मला अजिबात मान्य नाही.

आमच्या वडगावात अजून माग चालतात. शेजारच्या मावशी दुपारपासून रात्रीपर्यंत चरख्यावर कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरतात. भिंतीपलीकडे यंत्रमागाचा खडखडाट, म्हणून टीव्हीचा आवाज मोठा. मावशींची नजर सुतावर असते. धागा तुटला की गाठ मारायची, कांडी भरली की काढून टोपलीत टाकायची, दुसरी लावायची. टीव्हीकडे त्या मान वर करून बघतात ते फार थोडा वेळ. म्हणजे त्या मालिका ऐकतात. तुम्ही ज्याला रटाळपणा म्हणता त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं कारण इथे आहे. दारातून आत आलेल्या माणसाला नावाने हाक मारली जाते, कालचं भांडण आज पुन्हा कुणाच्या तरी तोंडून सांगितलं जातं, खलनायिका आली की तिचंच संगीत वाजतं. ज्याचे हात आणि डोळे कामात आहेत त्याला गोष्ट सुटू नये म्हणून केलेली ही सोय आहे. थिएटरात अंधारात मान समोर ठेवून बसलेल्या माणसासाठी सिनेमा लिहितात, आणि मालिका पोळ्या लाटणाऱ्या, कांड्या भरणाऱ्या, विड्या वळणाऱ्या माणसासाठी. दोन्हींना एकच मोजपट्टी लावली की मालिका हरणारच.

आणि या मावशींना गोष्टीतलं किती कळतं ते सांगते. २०१८-१९मध्ये झी मराठीवर 'तुला पाहते रे' लागायची. चाळिशीतला उद्योगपती, विशीतली मुलगी, त्याची मेलेली पहिली बायको राजनंदिनी. मावशींनी ती शेवटपर्यंत बघितली. मालिका संपली आणि थोड्याच दिवसांत हीच गोष्ट झी कन्नडवर 'जोते जोतेयली' म्हणून सुरू झाली. मावशींच्या घरी समोरच्या अक्का येऊन बसायच्या. अक्कांना मराठी समजतं, पण त्यांनी मराठी मालिका बघितलेली नव्हती. मावशींना सगळं रहस्य ठाऊक होतं. महिनोन्महिने त्यांनी अक्कांजवळ ते फोडलं नाही! मला मात्र हळूच कोपराने ढोसून म्हणायच्या, "बघ की गं, आता कसा गोड बोलालाय त्यो." शेवट माहीत असल्यामुळे मावशी काय होणार याच्या मागे नव्हत्या, नट ते कसं लपवतोय याच्यावर त्यांचं लक्ष होतं. मराठीत हा प्रसंग लवकर उरकला, इथे आईबापाला बोलायला सवड दिली, तिकडची मुलगी जास्त हट्टी होती, असं त्या अक्कांना कळणार नाही अशा बेताने मला सांगत राहायच्या. फिल्म सोसायटीत बसून दोन दिग्दर्शकांची तुलना करणारे लोक हेच करतात ना?

मावशींना हे करता आलं त्यालाही एक कारण आहे. १९६०च्या दशकापासून कन्नड सिनेमावाल्यांनी डबिंगला ठाम विरोध केला. २०१५ साली स्पर्धा आयोगाने तो विरोध चालवणाऱ्या संघटनांच्या विरुद्ध निर्णय दिला, तरी टीव्हीवर डब केलेल्या मालिका जोरात आल्या त्या २०२०मध्ये टाळेबंदीत 'महाभारत' कन्नडमध्ये लागलं तेव्हापासून. तोपर्यंत मराठीतली गोष्ट कन्नडमध्ये न्यायची तर ती नव्याने उभी करावी लागे. नवे नट, नवं घर, नवे संवाद, तिथल्या चालीरीती, तिथले सण. आवाज बदलून भागत नव्हतं. 'सैराट'चंही तेच झालं. 'मनसु मल्लिगे' म्हणून तो पुन्हा चित्रित झाला आणि रिंकू राजगुरू स्वतः त्यात होती. पुण्यातल्या प्रेक्षकाला याची एक बाजू दिसते, म्हैसूरच्या प्रेक्षकाला दुसरी. दोन्ही शेजारी ठेवून बघायची सोय आपल्याला आहे, आणि ती आपण हक्काने वापरायला हवी. इथल्या बायका ती केव्हापासून वापरतात. मागच्या लेखात मला मुख्यतः एवढंच सांगायचं होतं.

२००० साली ई टीव्ही मराठी आणि ई टीव्ही कन्नड एकाच वर्षात सुरू झाल्या तेव्हाची मजा तुम्हालाही आठवत असेल. रिमोटचं एक बटण दाबलं की भाषा बदलायची. 'चार दिवस सासूचे' २००१ला सुरू झाली ती २०१३पर्यंत, तीन हजारांहून जास्त भाग. भागाला वीस मिनिटं धरली तरी हजार तास होतात. एवढ्या वेळात अडीच तासांचे चारशे सिनेमे बसतील. हे सगळे हजार तास सोन्याचे होते असा माझा दावा नाही. आठवड्याच्या टीआरपीकडे बघून गोष्ट वळवतात, नट सोडून गेला की त्याच पात्राला नवा चेहरा देतात, मेलेला माणूस परत आणतात. याचा मला तुमच्याइतकाच वैताग येतो, आणि हे सगळं मागच्या लेखात लिहिलेलं आहे. पण रोहिणी हट्टंगडींच्या आशालता देशमुखला बारा वर्षं रोज घरात आणणाऱ्या लोकांना आपण नुसतं वेळखाऊ म्हणून निकालात काढू शकत नाही. त्या वेळात घरात मुली मोठ्या झाल्या, लग्नं झाली, सासवा गेल्या. त्यांच्याबरोबर ती बाईही म्हातारी होत गेली. सिनेमाला हे शक्य नाही.

तुमच्या प्रतिक्रियेतली एक तक्रार मात्र शंभर टक्के रास्त आहे. २०१९पासून वाहिन्या निवडून पैसे भरायची पद्धत आली आणि आपल्याकडे मराठी वाहिन्या वेगळ्या मागून घ्याव्या लागतात. मागितल्या नाहीत तर मिळत नाहीत. नवा मराठी सिनेमा इथे लागला तर एखाद्या खेळाला, तोही अवेळी. याविरुद्ध आपण सगळ्यांनी बोललं पाहिजे, केबलवाल्याकडे आणि थिएटरवाल्याकडे पुन्हा पुन्हा मागणी केली पाहिजे. हे भांडण तुम्ही काढलंत तर मी तुमच्या बरोबर येईन. पण ते भांडण आपली वाहिनी मिळावी म्हणून करू. मावशींनी अक्कांची मालिका बंद करावी, असं त्यात काही नको.

राहता राहिलं तुमचं आव्हान. 'सांगत्ये ऐका' पुण्यात १३१ आठवडे चालला. 'बुगडी माझी सांडली गं'साठी लोक पुन्हा पुन्हा गेले असतील, तेव्हाच एवढे आठवडे भरले. आणि तमाशापटांनाही त्या काळी पांढरपेशा घरांत नाकं मुरडली जात होतीच. पुढे १९९१मध्ये 'माहेरची साडी'ला 'रडका' म्हणून हिणवलं, आणि खेड्यापाड्यातल्या बायकांनी तो डोक्यावर घेतला. बायका ज्याच्यावर रडतात ते हलकं, ही सवय जुनीच आहे.

तोडीची मालिका विचारलीत ना? 'आभाळमाया' घ्या. १९९९मध्ये अल्फा मराठीवर, म्हणजे आताच्या झी मराठीवर, सुरू झाली. देवकी पंडितांच्या आवाजातलं शीर्षकगीत लागलं की आमच्या गल्लीतल्या खिडक्याखिडक्यांतून तेच ऐकू यायचं. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी नोकरी करणारी, दोन मुलींची आई, आणि नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे हे तिला कळतं. ती लगेच घर सोडत नाही, लगेच माफही करत नाही. डबे भरते, कामावर जाते, मुलींचं बघते, नवऱ्याशी बोलते, बोलणं थांबवते. काय करायचं ते तिचं तिला उमगेपर्यंत भागांमागून भाग जातात, आणि आपण रोज तिच्याबरोबर थांबतो. 'सांगत्ये ऐका'च्या दिग्दर्शकांना, अनंत मान्यांना, मी फार मोठं मानते, पण अडीच तासांत त्यांनाही हे एका प्रसंगात उरकावं लागलं असतं.