सुलेमानिये म्हणजे आया सोफियाची नक्कल नव्हे

इस्तंबूलच्या सहलीचे फोटो फिरू लागले की एक मजकूरही हमखास येतो. तुर्कांना घुमट बांधता येत नव्हता. 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, जिंकल्यावर त्यांनी तिथल्या आया सोफिया या जुन्या ख्रिस्ती चर्चची नक्कल केली, भोवती चार मिनार उभारले आणि तिला सुलेमानिये मशीद म्हटलं. घुमट तरीही लहानच राहिला. आणि बांधणारा सिनान मुळात ख्रिस्ती, तेव्हा श्रेय तुर्कांचं नाहीच. चांगली शिकलेली माणसं हे पुढे पाठवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घुमट येत नव्हता, हे साफ खोटं. एदिर्ने ही उस्मानींची, म्हणजे ऑटोमन तुर्कांची, इस्तंबूलच्या आधीची राजधानी. तिथली उच शेरेफेली मशीद 1447 मध्ये, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडण्याच्या सहा वर्षं आधी पूर्ण झाली. तिचा मुख्य घुमट सुमारे 24 मीटर व्यासाचा आहे आणि समोर कमानींच्या ओवऱ्यांनी वेढलेलं अंगण आहे. सुलेमानियेचं अंगण याच घराण्यातलं.

नकलेच्या आरोपात मात्र अर्धं सत्य आहे. मधे मोठा घुमट, पुढेमागे एकेक अर्धघुमट ही मांडणी आया सोफियाचीच, आणि 1550 ते 1557 या काळात सुलेमानिये बांधताना सिनानने ती जाणूनबुजून घेतली. पण आत उभं राहून बाजूंकडे पाहा. आया सोफियात दोन्ही बाजूंना दुमजली खांबरांगा आहेत. त्यांच्यामागचा भाग अंधारा आणि मधल्या दालनापासून तुटलेला. सुलेमानियेत सिनानने ही खांबरांगांची भिंतच काढून टाकली. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे दोन-दोन प्रचंड खांब आणि त्यांवर तीन उंच कमानी, एवढंच ठेवलं. पलीकडच्या भागावर पाच लहान घुमट, एक मोठा एक छोटा असे आलटून पालटून. त्यामुळे नमाजाची सगळी जागा एकाच नजरेत येते. घुमटाचा रेटा पेलणारे धिरेही त्याने भिंतीतच मुरवले, काही आत, काही बाहेर, आणि त्यांच्या मधल्या जागेत सज्जे बसवले. आया सोफियाला बाहेरून शतकानुशतकं टेकू देत राहावे लागले, तोच प्रश्न इथे रचनेतच सोडवलेला दिसतो. नक्कल करणारा चुकाही उतरवतो. सिनानने त्या दुरुस्त केल्या. शिवाय त्याआधीच, 1548 मध्ये पूर्ण झालेल्या शहजादे मशिदीत, त्याने चारही बाजूंना अर्धघुमट देऊन पाहिले होते.

लहान घुमटाचं म्हणाल तर सुलेमानियेचा साधारण साडेसव्वीस मीटरचा आणि आया सोफियाचा सुमारे 31 मीटरचा, हे खरं. पण 537 मध्ये पूर्ण झालेल्या आया सोफियाचा पहिला घुमट 558 मध्ये कोसळला होता, पुढे 989 आणि 1346 मध्येही काही भाग पडला. तेव्हा सिनानने घाई केली नाही, हेच मला मोठं वाटतं. पुढे एदिर्नेच्या सेलिमिये मशिदीत आठ खांबांवर त्याने 31 मीटरच्या वर व्यासाचा घुमट उभा केला, तोही आया सोफियाची मांडणी पूर्ण बाजूला ठेवून. जमिनीपासूनच्या उंचीत आया सोफिया आजही पुढे आहे, ते मान्य करायला हरकत नाही. सिनानला तिच्याविषयी आदर होता. तिचे धिरे भक्कम करण्याचं कामही 1573 च्या सुमारास त्याच्याच देखरेखीखाली झालं.

राहिला जन्माचा मुद्दा. सिनान अनातोलियातल्या ख्रिस्ती घरात जन्मला, हे खरंच. पण तो शिकला सुलतानाच्या फौजेत. बेलग्रेडपासून बगदादपर्यंतच्या मोहिमा त्याने केल्या, 1538 मध्ये प्रुत नदीवर फौजेसाठी पूल बांधला, आणि मग जवळपास पन्नास वर्षं दरबाराचा मुख्य वास्तुकार राहिला. त्याचं कसब जन्माच्या दाखल्यावरून कुणाच्या खात्यात टाकायचं, हा वाद मला पटत नाही. सुलेमानियेच्या बांधकामाचे हिशेब आजही उपलब्ध आहेत. त्यांत गवंडी, सुतार, पाथरवट अशा कारागिरांची नोंद आहे, त्यांतले साधारण निम्मे ख्रिस्ती आणि निम्मे मुसलमान, आणि कामाची मजुरी दोघांच्याही नावे मांडलेली आहे.