गुडघा सुजलाय, मग डोळ्यांचा डॉक्टर कशाला?

"लहान मुलांना संधिवात होतच नाही, डॉक्टर लुटतात" हा मेसेज सोलापुरातल्या निम्म्या ग्रुपांवर फिरून झालाय. मी दुर्लक्ष करत होते. परवा नणंदेने तोच मला पाठवला, खाली लिहिलं, "वहिनी, उगाच घाबरलो का ओ आपण?" तिची पोर साडेचार वर्षांची, उजवा गुडघा महिनाभर सुजलेला. आता गप्प बसवत नाही.

मेसेजातला सगळ्यात भारी मुद्दा: गुडघ्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवतात, म्हणजे कट प्रॅक्टिस! अहो, या आजारात काही मुलांच्या डोळ्याच्या आतही सूज येते. युव्हायटिस म्हणतात. बहुतेकदा डोळा लाल होत नाही, दुखत नाही. मूल मजेत कार्टून बघत असतं. घरच्यांच्या लक्षात येतं तेव्हा बाहुलीचा गोल वेडावाकडा झालेला असतो, नाहीतर मोतीबिंदू धरलेला असतो. सुरुवातीला ही सूज फक्त स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकावर दिसते. लहान वयात सुरुवात, चार किंवा कमी सांधे सुजलेले आणि एएनए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह असेल तर साधारण दर तीन महिन्यांनी डोळे दाखवायचे, गुडघा उतरला तरी. कटच खायचा असता तर एमआरआय लिहून दिला असता की!

"मुलांना होत नाही" म्हणे. संधिवाततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००१ साली कॅनडातल्या एडमंटनला व्याख्या पक्की केली: सोळाव्या वाढदिवसाआधी सुरू झालेली, किमान सहा आठवडे टिकलेली, दुसरं कारण न सापडलेली सांध्याची सूज. नसलेल्या आजाराची एवढी काटेकोर व्याख्या कोण करत बसेल? आणि "आरए निगेटिव्ह, म्हणजे वात नाही" हेही चूक. आरए म्हणजे रक्तात तपासतात तो आरए फॅक्टर; या मुलांपैकी जेमतेम पाच टक्क्यांत तो पॉझिटिव्ह येतो. निदान सांधा हाताने तपासून होतं.

वाढीची दुखणी असतात, हे मान्य. पण ती दोन्ही पायांत, रात्री, आणि सकाळी पोर टुणटुणीत. आमची ही उठल्यावर तासभर लंगडते, जिना उतरायला कडेवर घ्या म्हणते, आणि दुपारी गल्लीभर पळते. "दुखतं" असं एकदाही म्हणाली नाही.

चिंच-वांगं बंद? जेवू द्या हो पोरांना. तेल लावून शेकल्याने आखडलेपण सैल होतं, आतली सूज जात नाही.

या आजारात देतात ते मेथोट्रेक्सेट "कॅन्सरचं औषध", खरंय. पण इथे डोस छोटा, आठवड्यातून एकदाच, रक्त तपासत. त्याला भिणारे मेसेजाखालच्या नंबरवरून बिननावाची "वाताची पुडी" मागवतात! अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडलेलं आहे. त्याने चेहरा सुजतो, उंची खुंटते.

नणंदेला सांगितलंय, आधी बालरोगतज्ज्ञ. पुढे लागलं तर मुलांचे संधिवाततज्ज्ञ पुण्यात आहेत. सहा आठवडे ही निदानाची अट आहे, घरी थांबायची मुदत नव्हे. आणि ताप असून एकच सांधा गरम झाला, मूल पाय टेकवेना, तर त्याच रात्री सिव्हिल गाठा. तो जंतुसंसर्ग असू शकतो, आणि त्यात सांधा दोन-चार दिवसांत कायमचा खराब होतो.