ग्राहक पत्त्यावर आढळला नाही

आज सकाळी पावणेअकराला मी माझ्या घरात, माझ्या खुर्चीत, माझ्याच पत्त्यावर बसलेलो असताना मोबाइलवर मेसेज आला: 'ग्राहक दिलेल्या पत्त्यावर उपलब्ध नसल्याने आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.' मी उठून आरशात बघून आलो. होतो.

लॅपटॉप नऊ तारखेला गेला. चौदा महिन्यांचा होता. बटण दाबलं की कोपऱ्यातला दिवा लुकलुकायचा, दोनदा पिवळा, तीनदा पांढरा, आणि पडदा काळा तो काळाच. घेताना दुकानदारानं जादा पैसे घेऊन 'ऑनसाइट वॉरंटी' गळ्यात बांधली होती. ऑनसाइट म्हणजे इंजिनिअर घरी येणार. तुम्ही कुठं जायचं नाही. हे दुसरं वाक्य तेवढं खरं निघालं. दहा दिवस मी कुठंच गेलेलो नाही.

इंजिनिअर नव्हताच असं मात्र नाही. काल दुपारी त्याचा फोन आला. अगदी अदबीनं म्हणाला, "सर, अशोक चौकात कुठं यायचं?" मला गहिवरून आलं. मी सांगायला लागलो, कोपऱ्यावर टॉवेलचं दुकान आहे, त्याच्या शेजारच्या बोळात शिरा, यंत्रमागाची खटखट ऐकू आली की थांबा. तो "हां, हां" करत होता. मग म्हणाला, "पण सर, हितं अशोक चौक कुणालाच म्हाईत न्हाई. मी बिंदू चौकात उभा हाय. रंकाळ्याकडनं जवळ पडंल काय?"

रंकाळ्याकडनं सव्वादोनशे किलोमीटर तरी पडेल, असं मी त्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "म्हंजे तुम्ही सोलापुरात हाय? मग तांबडा-पांढरा खायाला या की कधी."

त्याच्यावर राग नाही. भला माणूस, उन्हात उभा होता. राग आहे तो ज्यानं कुणी यादीतून निवडताना 'सोला' आणि 'कोल्हा' यांत फरक नाही असं ठरवलं त्याच्यावर. सोलापूरचा माणूस हे जन्मभर सोसतो. पुण्यात नोकरीला गेलो तेव्हा घरमालकीणबाई म्हणाल्या होत्या, "सोलापूर का? मग महालक्ष्मीचा प्रसाद आणा हं येताना." मी निमूटपणे सिद्धेश्वराचा अंगारा आणून दिला. त्यांनी तो महालक्ष्मीचा म्हणून लावला, आणि गुण आला म्हणाल्या. पण कंपनीला माझा पिन कोड दिलेला होता! सोलापूरचा पिन ४१३ नं सुरू होतो, कोल्हापूरचा ४१६ नं. पोस्टातला नवा पोऱ्यासुद्धा ही चूक करत नाही, आणि हे लोक म्हणे जगभर माल पाठवतात.

असो. सांगायचं होतं ते जॉबरमामांचं.

जॉबरमामा आमच्या बोळाच्या तोंडाशी राहतात. मिलमध्ये जॉबर, म्हणजे माग चालू ठेवणारे मिस्त्री होते, मिल बंद पडल्यावर आमच्या भागातले यंत्रमाग दुरुस्त करत फिरले. आयुष्य मागाच्या आवाजात गेल्यानं कान पार गेलेत, पण मागाला हात लावला की धोटा कुठं अडतोय ते अजून सांगतात. कानाला नाही, हाताला ऐकू येतं म्हणतात. रोज दहाला माझ्याकडं पेपर वाचायला येतात. माझी चौथी तक्रार चालू असताना ते दारात उभे राहिले.

"काय करलालाव ओ?"

"कंपनीला फोन लावलोय, मामा."

"मग बोला की. गाणं काय ऐकलालाव?"

ते गाणं मी सव्वीस मिनिटं ऐकत होतो. मध्ये मध्ये एक बाई सांगायची की माझा कॉल त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. मामांना ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावला, ही माझी चूक. शेवटी एक मुलगा आला. आवाजावरून चोवीस-पंचवीसचा. आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल त्यानं हिंदीतून खेद व्यक्त केला आणि मला लॅपटॉप चालू करायला सांगितला.

मी म्हटलं, तो चालू होत नाही म्हणूनच फोन केलाय.

"जी सर. फिर भी एक बार ऑन कीजिए." मग चार्जर काढा, बटण तीस सेकंद दाबून धरा, सोडा, पुन्हा लावा. हे मी आधीच्या तीन फोनांत तीनदा केलं होतं. बटणावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटलाय. मग तो म्हणाला, तुमच्या ईमेलवर एक लिंक पाठवलीय, ती त्याच लॅपटॉपवर उघडा म्हणजे मला इथून तुमची स्क्रीन दिसेल.

"अरे बाबा, स्क्रीन मला इथून दिसत नाही, तुला तिथून काय दिसणार?"

"जी सर, मैं आपकी परेशानी समझ सकता हूँ."

इथं मामांनी हात पुढं केला. मला वाटलं, पेपर मागतायत. त्यांनी मोबाइल घेतला, तोंडासमोर आडवा धरला आणि बोळाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "एं बाबू, मी ऊरेदी?"

तेलुगूत. म्हणजे, काय रे बाळा, गाव कुठलं तुझं? पलीकडं शांतता. मग तो मुलगा, ज्यानं आतापर्यंत 'जी सर'पलीकडं एक शब्द स्वतःचा बोलला नव्हता, एकदम माणसासारखा हसला. तो बोलत होता हैदराबादेतून, आणि त्याचं गाव सिरसिल्ल्याजवळ. सिरसिल्ला म्हणजे तेलंगणातलं मागांचंच गाव. आमच्या पूर्व भागातल्या निम्म्या पद्मशाली विणकर घरांची पाळंमुळं त्या मुलखात. मामांना ते त्याच्या हिंदीवरूनच कळलं होतं. ज्या माणसाला दाराची कडी ऐकू येत नाही त्याला फोनमधली मातृभाषा ऐकू आली!

पुढची पस्तीस मिनिटं तेलुगूत झाली. फोन माझा, लॅपटॉप माझा, वॉरंटी माझी, आणि मी आपला चहा करून आणला. मला अधूनमधून 'सोलापूर', 'चादर', 'पॉवरलूम' एवढं कळायचं. एकदा दोघं एकदम गंभीर झाले, मामांनी डोळे पुसले. एकदा मामा इतके हसले की कपातला चहा बशीत आला. मध्येच त्यांनी लॅपटॉपवर हात ठेवून काहीतरी सांगितलं, तसा मी आशेनं पुढं सरकलो. नंतर कळलं, ते उपरण्याचा पन्हा दाखवत होते. फोनवर!

पण मनातून मी खूश होतो. आपल्याकडं काम व्हायचं तर वशिला लागतो, आणि एवढा सणसणीत वशिला मला आजवर महापालिकेतसुद्धा मिळाला नव्हता. मामांनी फोन बंद केला, चष्मा कपाळावर चढवला.

"काय म्हणाला, मामा?"

"पोरगं लई चांगलं हाय. आजोबा माग चालवायचे. बहिणीचं लग्न झालं, याचं व्हायचंय. रात्रपाळी करतंय, जेवणाचे हाल."

"आणि लॅपटॉपचं?"

मामांनी माझ्याकडं, मग लॅपटॉपकडं बघितलं. "ते इचारायचं राह्यलं बघा."

तरी त्या पोरानं जाता जाता एक केलं. मामांनी दिव्याचं सांगितलं असावं, कारण मेसेज आला: 'मेमरीचा दोष, इंजिनिअर नेमला आहे.' मामा म्हणाले, "मेमरी व्हय? मग माझ्याबी वॉरंटीत बसतंय का बघा." तोच हा इंजिनिअर, बिंदू चौकातला.

आता ज्याला हसू येईल त्यानं हसावं, पण मी टॉवेलवाल्यांचे हिशेब लिहितो. उद्या वीस तारीख. जीएसटीचं महिन्याचं ३बी विवरण उद्यापर्यंत भरलं नाही तर दिवसाला ५० रुपये लेट फी, वर व्याज. ते गिऱ्हाईक भरणार नाही, मी भरणार. कंपनीला विचारलं, निदान आतला डेटा वाचेल ना? तर डेटाची जबाबदारी ग्राहकाची. पत्ता ग्राहकाचा, डेटा ग्राहकाचा, बटण ग्राहकानं दाबायचं, मग वॉरंटीत तुमचं काय आहे ते तरी सांगा. आम्हाला वाट बघायची सवय नाही असं नाही. नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात राहतो आम्ही. विमानाच्या वाटेत येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली आणि गोव्याचं विमान उडालं २०२५ च्या जूनमध्ये. पण महापालिकेनं कधी 'नागरिक पत्त्यावर आढळला नाही' म्हणून पाणी बंद केल्याचं मला आठवत नाही.

मेहुणा वकील आहे. तो म्हणतो, ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्यानं आता राहत्या गावीच तक्रार लावता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ऑनलाइन भरायची, सोपं आहे. कशावर भरू, विचारलं, तर म्हणाला, "का, तुझा लॅपटॉप आहे की."

आज सकाळी तो 'पत्त्यावर उपलब्ध नसल्याने'वाला मेसेज वाचला आणि लॅपटॉप पिशवीत घालून तडक नवी पेठेत गेलो. मामा बरोबर आले. जिन्याखालच्या दुकानातल्या पोरानं पाठ उघडली. उघडली की वॉरंटी संपते, असं एक बारकं लेबल होतं, त्यावरूनच त्यानं पेचकस फिरवला. मेमरीची बोटभर पट्टी बाहेर काढली, शाळेतल्या खोडरबरानं तिची सोनेरी कड पुसली, फुंकर मारली, परत बसवली. पडदा उजळला. दोनशे रुपये. मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "माग थांबला की विणकराचा रोज बुडतो. जॉबर फॉर्म भरून घेत नाही."

घरी येऊन हिशेब उघडतोय तोवर पुन्हा मोबाइल वाजला. 'आपली तक्रार यशस्वीरीत्या निकाली निघाली आहे. आमच्या प्रतिनिधीला १० पैकी किती गुण द्याल?' खाली प्रतिनिधीचं नाव. तेच, सिरसिल्ल्याचं.

मी १ टाकला.

मामा खांद्यावरून वाकून बघत होते. "त्याच्या पगारवाढीला मोजतात म्हणे हे," ते म्हणाले. "सांगत होता."

मी १ च्या पुढं शून्य टाकला.