लेबाइल म्हणजे घातक? त्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आला. म्हणणं थोडक्यात असं, की लेबाइल म्हणजे अस्थिर, विज्ञानात अस्थिरचा अर्थ एकच, कधीही फुटणारं आणि घातक, त्यामुळे खाण्यात, औषधात, रिपोर्टात हा शब्द दिसला की सावध व्हा. आता शेजारच्या काकांच्या फाइलवर डॉक्टरांनी 'लेबाइल बीपी' लिहिलेलं, त्यांनी हे वाचलं आणि रात्री साडेदहाला आमची बेल वाजवली, "अरे तू केमिकल कंपनीत आहेस ना, फुटणार म्हणजे नक्की काय फुटणार?"

काही फुटणार नाही. लेबाइल बीपी म्हणजे वरखाली होणारं बीपी, जिना चढला, कुणाशी वाजलं की वर, जरा टेकलं की खाली. दुर्लक्ष करा असं नाही म्हणत हां, पण म्हणूनच डॉक्टर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून आणायला सांगतात.

आता ते "अर्थ एकच". मूळ लॅटिन शब्द घसरण्याचा, आणि काय घसरतं, किती पटकन घसरतं हे प्रत्येक शाखेनं आपापलं ठरवलंय. आमच्या केमिस्ट्रीत तर लेबाइल आणि अस्थिर हे दोन वेगळेच शब्द आहेत, लेबाइल म्हणजे जोडीदार पटकन बदलणारं, अस्थिर म्हणजे हिशोबानं जोडी सुटायलाच हवी असं, रसायनशास्त्रज्ञ हेन्री टॉबनी १९५२ मध्ये ते नीट वेगळे करून दाखवले, पुढे १९८३ ला त्यांना नोबेलही मिळालं. निकेलच्या एका अणूला चार सायनाइड धरून बसतात ते उदाहरण घ्या. ठाण्याहून पनवेल गाडीत बसलात की कसं, बाकावर चौघं, चौथा अर्धा हवेत, एक उठला की तो टेकायच्या आत दुसरा टेकतो, माणसं बदलत राहतात पण बाक कधी रिकामा दिसत नाही. निकेलचं तेच, सायनाइडची अदलाबदल भराभर चालू, म्हणून लेबाइल, पण जोडी एकदम स्थिर. उलट कोबाल्टला सहा अमोनिया लागलेले असतात ते ॲसिडमध्ये खरं तर सुटायला हवेत, हिशोबानं अस्थिरच, पण दिवसेंदिवस हलत नाहीत, झोप लागून स्टेशन चुकलेल्या माणसासारखे. म्हणजे अस्थिर आहे पण लेबाइल नाही, आणि लेबाइल आहे ते अस्थिर नाही, आता मेसेजवाल्यानं सांगावं यातलं कशाला घाबरायचं.

"खाण्यात दिसला तर टाळा" म्हणे. व्हिटॅमिन सी उष्णतेला लेबाइल आहे, म्हणजे जास्त शिजवलं की जातं, एवढंच, मग लिंबू टाळणार का, वरणभातावर वरून पिळा की! आणि जुलाब करणारे काही ई-कोलाय जंतू दोन प्रकारची विषं बनवतात, एक उष्णतेला लेबाइल, दुसरं उष्णतेला स्थिर. लेबाइल वालं उकळल्यावर निकामी होतं, स्थिर वालं उकळूनही टिकतं. इथे चिवट कोण ते बघा.

रक्ताचं म्हणाल तर गोठायला लागणाऱ्या फॅक्टर ५ चं जुनं नावच लेबाइल फॅक्टर, साठवलेल्या प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात, तो लवकर कमी होतो म्हणून. तो नसेल तर रक्त थांबायची पंचाईत. पेशींचंही तसंच. कातडी, आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा यांच्या पेशींना लेबाइल म्हणतात कारण त्या सतत नव्या होत राहतात, आणि हृदयाच्या स्नायूच्या पेशींना म्हणतात कायमच्या, ऐकायला किती छान, पण हार्ट अटॅकमध्ये त्या गेल्या की तिथे व्रणच राहतो. मातीतला लेबाइल फॉस्फरस तर पिकाला चटकन मिळणारा, शेतकऱ्याला हवाच असतो.

बरं, अस्थिर म्हणजे "कधीही फुटणारं" हेही सरसकट नाही. केळ्यातल्या पोटॅशियमचा अगदी छोटा हिस्सा अस्थिर, म्हणजे किरणोत्सर्गी असतो, आणि तो निम्मा व्हायला साधारण १२५ कोटी वर्षं लागतात. स्टेशनबाहेरून डझन घेतलीत तर बिनधास्त खा.

एक मात्र मान्य. पेरॉक्साइड नावाची काही रसायनं खरंच अस्थिर आणि खरंच घातक, तापली की थांबत नाहीत, म्हणून ती थंडाव्यात ठेवतात आणि तिथे कुणी विनोद करत नाही. पण ती काकांच्या फाइलमध्ये नसतात.

काकांनी आता वही घातलीय. सोमवार सकाळ १२६, मंगळवार १३०, मंगळवार रात्री १५२, आणि त्यापुढे बारीक अक्षरात लिहिलंय, "हिच्याशी पंख्यावरून".