‘बायबल जास्त वाचा’ म्हणणाऱ्या बंधूंना उत्तर

प्रिय बंधू, प्रभूमध्ये सलाम.

परदेशात ख्रिस्ती सेवेला गेलेल्यांना स्थानिक लोकांमधले भेद दिसतच नाहीत, तेव्हा मंडळीत कोण कुठल्या गटाचा, कुठली भाषा बोलतो हे आधी नोंदवा, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया: “ताई, ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही. तुम्ही जमाती कसल्या मोजत बसता? बायबल जास्त वाचा, समाजशास्त्र कमी.” पुढे सर्वेक्षणाचा खर्च, परदेशी निधी, पवित्र आत्म्यावर माझा नसलेला विश्वास, असं बरंच काही. मतभेदाबद्दल तक्रार नाही. पण अनोळखी बाईला ‘बायबल वाचा’ असं सुनावताना तिनं ते वाचलेलंच नसणार, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? परक्या भाषांच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, माझं अर्धं आयुष्य गेलंय. एखाद्या पाळकाला तुम्ही याच सुरात लिहिलं असतंत का?

असो. वाचूया बायबल.

तुमचं वचन पौलाच्या गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं, 28वं. त्याच्या आधीचा अध्याय उघडा. अंत्युखियात केफा, म्हणजे पेत्र, परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता. याकोबाकडची यहूदी माणसं आली तसा तो पंगतीतून मागे सरला, आणि पौलानं त्याला सगळ्यांदेखत खडसावलं. कोण कुणाच्या पंगतीला बसतो आणि कोण आल्यावर उठतो, हे पौल बघत होता. ते न बघता त्यानं नुसतं ‘आपण सगळे एक’ म्हटलं असतं, तर परराष्ट्रीय विश्वासणारे त्या मंडळीत कायमचे दुसऱ्या पंगतीचे राहिले असते.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. रोजच्या अन्नाच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवा सुटत होत्या. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना वचन ऐकवून घरी पाठवलं नाही. सात जण निवडले गेले: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकनोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियकर निकलाव. सातही नावं ग्रीक. नावांवरून तरी असंच दिसतं, की ज्यांची तक्रार त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप दिलं. आता सांगा, कोण कुठल्या गटाचा हे माहीत नसताना ही निवड कशी झाली असती?

आणि चौदावा अध्याय तर परदेशी जाणाऱ्या प्रत्येक सेवकानं निघण्याआधी वाचावा. लुस्त्र गावात पौल आणि बर्णबा उपदेश करत असताना एक पांगळा बरा झाला आणि लोक तिथल्या लुकवनी भाषेत ओरडू लागले: देव माणसांच्या रूपानं उतरलेत, बर्णबा झ्यूस आणि पौल हर्मेस! पुजारी बैल आणि माळा घेऊन वेशीपाशी आला. मग दोघं कपडे फाडत गर्दीत धावले. सामायिक भाषेत उपदेश पोहोचला होता, पण लोकांनी त्याचा अर्थ आपल्या घरच्या भाषेत आणि घरच्या देवांच्या हिशेबानं लावला होता.

आजही हेच घडतं. पापुआ न्यू गिनीत 800हून जास्त भाषा आहेत. टोक पिसिन या सामायिक भाषेत उपासना चालते, बाजारही चालतो. पण एखाद्याच्या मृत्यूचा दोष कुणावर ठेवायचा, वधूमूल्य कुणी कुणाला द्यायचं, हे बोलणं आपल्या बोलीतच होतं. उत्तर नायजेरियात हौसा भाषा बोलणारा दिसला की तो हौसा जमातीचाच, असं नवखे धरून चालतात. ती तिथल्या कितीतरी लहान जमातींची व्यवहाराची भाषा आहे, आणि त्यांतले बरेच जण ख्रिस्ती आहेत. त्यांच्याशी हौसा समाजाच्या रीतींनी वागलं की ते गप्प बसतात. पाहुण्याला वाटतं, सगळं ठीक चाललंय.

घोळ बहुधा दुभाष्यापासून सुरू होतो. पहिला दुभाषा सहसा शिकलेल्या, वरचढ गटातला असतो. घरं तोच दाखवतो, मदतीच्या यादीत नावं तोच घालतो. वयानं लहान असेल तर वडीलधाऱ्यांचं तिखट बोलणं तो गुळगुळीत करून सांगतो. पुरुष असेल तर बायका अर्ध्या गोष्टी बोलतच नाहीत. वीस मिनिटं भांडण चालतं आणि तुमच्या कानावर येतं, “ते सहमत आहेत.” म्हणून दुभाषे दोन हवेत, वेगवेगळ्या गटांतले, आणि शक्य तिथे त्यांतली एक बाई. उपदेश झाल्यावर दुसऱ्या गटातल्या माणसाला तो आपल्या बोलीत घरी सांगायला लावा, आणि मूळ उपदेश न ऐकलेल्या तिसऱ्याकडून परत ऐका. पाप, क्षमा, आत्मा हे शब्द कुठे भलतीकडे गेले ते तिथेच सापडतं. मंडळीची नोंद माणसागणिक न करता घरागणिक करा: आजीशी कोणत्या भाषेत बोलतात, लेकरांशी कोणत्या, आजाऱ्याजवळ प्रार्थना कोणत्या. त्याच्याशेजारी वडीलमंडळाची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांची, नावं मांडा. पाचही जण एकाच गटाचे निघाले, तर प्रत्येक भाषेतलं एकेक गीत गाऊन काहीही भरून निघत नाही.

एक मान्य. दोघांच्या तुकडीला पहिल्या वर्षी हे सगळं झेपणार नाही, आणि लेखात मी ते स्पष्ट म्हटलं नव्हतं. त्यांनी दुभाष्यापासून सुरुवात करावी.

पण मी गटागणिक मंडळ्या वेगळ्या करायला सांगते, हा आरोप तुम्ही कुठून आणलात? वंश, भाषा वा वर्गाची सीमा न ओलांडता ख्रिस्ती होणं लोकांना आवडतं, हे मिशनरी अभ्यासक डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी 1970 साली मांडलं, आणि त्यावर मंडळ्या उभारणारे आजही आहेत. मी त्यांच्यातली नाही, हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. तिथवर वाचलं असतंत तर तुमची निम्मी प्रतिक्रिया लिहायची गरजच पडली नसती.

पवित्र आत्म्याबद्दल एवढंच: तो शिष्यांवर उतरला त्या पन्नासाव्या दिवशी (पेंटेकॉस्टला) पार्थी, मेदी, एलामी यांनी आपापल्या भाषेत ऐकलं. निधीबद्दलच्या शेऱ्याला उत्तर देणार नाही.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा. फक्त तुमच्या मंडळीत मदतीची यादी कोण करतं आणि तो कुठल्या घरचा आहे, तेही त्यात लिहा.