चाकाला दगड लाव

मिशिगनमध्ये बारा वर्षं काढूनही माझ्याकडे जुनी गाडी नव्हती. पंढरपुरात राहून विठ्ठलाच्या पाया न पडणाऱ्याकडे बघावं, तसं शेजारचे म्हातारबुवा माझ्याकडे बघत. त्यांचा जन्म मोटारींच्या कारखान्यात गेलेला. डेट्रॉईटहून पाँटिअ‍ॅककडे जाणाऱ्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर 1995 पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांची वारी भरते. दोन वर्षं मी ती फुटपाथवर खुर्ची टाकून पाहिली. तिसऱ्या वर्षी गाडी घेतली.

शेव्हरोले कंपनीची 1968 ची शेव्हेल. मूळची सहा सिलिंडरची, सालस स्वभावाची. आधीच्या कुणा मालकाने तिच्यात 396 घन इंचांचं, म्हणजे साडेसहा लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन घातलेलं. आठ मारुती 800 ची इंजिनं एकत्र केली तरी थोडं कमीच पडेल. वर त्याने कडक कॅमशाफ्टही, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडाही, टाकलेला. त्यामुळे गाडी नुसती उभी असली तरी ढग्-ढग्... ढग्... ढग्-ढग् असा आवाज करते. तो ऐकला आणि मी पैसे मोजले. थांबते का, हे विचारायचं राहून गेलं.

थांबत नव्हती. म्हणजे थांबे, पण तिच्या सवडीने. सिग्नलला ब्रेकवर उभं राहावं लागे. उजवी मांडी डावीपेक्षा जाड व्हायला लागली.

याचं कारण त्या गोड आवाजातच होतं. साध्या पॉवर ब्रेकला इंजिनच्या ओढीतून मिळणारा व्हॅक्यूम लागतो. कडक कॅममुळे आत घेणारे आणि बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदमच उघडे राहतात. पुढचं-मागचं दार सताड उघडं टाकलेल्या घरात वारा कोंडून राहणार कसा? मीटर लावून पाहिलं. अठराच्या आसपास हवं तिथे काटा नऊवर थरथरत होता.

यावरचा उपाय म्हणजे हायड्रोबूस्ट. पॉवर स्टिअरिंगचा पंप नाहीतरी गरज पडली की तेलाला हजारावर पीएसआयचा दाब देऊ शकतो, तोच दाब ब्रेकच्याही मदतीला घ्यायचा. बऱ्याच डिझेल पिकअपमध्ये हे असतं, 1996 मध्ये फोर्डच्या मस्टँग जीटीतही आलं. मी भंगारातून एका मस्टँगचं हायड्रोबूस्ट आणलं. शेव्हेलमध्ये फोर्डचा भाग! म्हातारबुवांनी ते पाहून टोपी काढली. आदराने नव्हे, दुखवट्याला काढतात तशी.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झाले. माझे रात्रीचे नऊ म्हणजे त्यांचे सकाळचे साडेसहा, हातात पहिला चहा.

"हँडब्रेक चालतो का?"

"नाही बाबा, केबल गंजून तुटलीय. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात."

"मग आधी चाकाला दगड लाव."

"इथे दगड कुठून आणू? सगळीकडे लॉन आहे."

"अमेरिकेत दगड नाहीत?" असं म्हणून त्यांनी चहाचा जो घोट घेतला, त्यात माझ्या एकूण स्थलांतराबद्दलचं मत होतं.

जुना बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमने ब्रेकला जोर देणारा डबा, काढायला डॅशबोर्डखालचे चार नट सोडवायचे. त्यासाठी डोकं पेडलपाशी, पाठ सीटच्या कडेवर आणि पाय मागच्या सीटकडे, असं आसन घालावं लागतं. तीन नट सुटले. चौथा दिसत नव्हता, फक्त लागत होता. बोटांची टोकं पोचत होती, पाना पोचत नव्हता. पाऊण तासाने तो निघाला आणि सरळ माझ्या तोंडात पडला. बायको "जेवायला ये" सांगायला आली होती. दारातून उलटे पाय पाहून काही न बोलता परत गेली.

मग आल्या नळ्या. आधी हिशेब सोपा होता: पंपातून स्टिअरिंग बॉक्सला, तिथून परत पंपाला. आता पंपातून बूस्टरला, बूस्टरमधून बॉक्सला, आणि बूस्टरची परतीची नळी वेगळी. परतीच्या नळ्या दोन, पंपाला तोंड एक. मी दोन नळ्यांना टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून एकत्र आणल्या. शिवाय शेव्हेलच्या जोडाचं तोंड तिरप्या बैठकीचं, मस्टँगचं ओ-रिंगचं. आटे बसत नव्हते, तर बाजारातून मधले अ‍ॅडॉप्टर आणले आणि खात्री असावी म्हणून प्रत्येकाला टेफ्लॉन टेप गुंडाळली.

"ते पांढरं काय आहे?" बाबा स्क्रीनमध्ये नाक घालून म्हणाले.

"टेप."

"हा काय मोरीचा नळ आहे? तुकडा सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकला म्हणजे? काढ सगळी."

काढली. मग तेल ओतायला नरसाळं घेतलं, तर पलीकडून असा ओरडा आला की फोन हातातून सुटायचा बाकी राहिला. कालच त्या नरसाळ्याने मी ब्रेक ऑइल भरलं होतं. बूस्टरमध्ये स्टिअरिंगचं तेल, त्याला चिकटूनच बसलेल्या, चाकांच्या ब्रेकला तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइल, आणि एकाचा थेंब जरी दुसरीकडे गेला तरी तिथले रबरी सील खराब होतात. आजीच्या सोवळ्याला मी जन्मभर हसलो. आता माझ्या गराजमध्ये दोन नरसाळी आहेत, एकावर लाल चिंधी बांधलेली.

हवा काढताना पुढची चाकं उचलून, इंजिन चालू न करता, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसदा फिरवायचं. नंतर इंजिन चालू केलं तर पंप बाळंतिणीसारखा विव्हळायला लागला आणि टाकीतल्या तेलाला ताकासारखा फेस आला. बंद करा, फेस बसू द्या, पुन्हा फिरवा. यात दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी कॉलनीत चक्कर मारली, तर वळण घेतलं की ब्रेक आपोआपच लागायचे. तो टीचा प्रताप. बॉक्समधून परतणारं तेल टीपाशी अडून बूस्टरमध्ये दाब साचत होता. परतीची दोन तोंडं असलेला पंप मागवला. खर्चाचा आकडा बायकोला सांगितलेला नाही, इथेही सांगत नाही.

शेवटी बसलं सगळं. बोटभर दाबलं की साडेसहा लिटर जागच्या जागी! पहिल्यांदा मी सवयीने ब्रेकवर उभा राहिलो, आणि कपाळावर स्टिअरिंगचा वण तीन दिवस मिरवला.

"इंजिन बंद पडलं तर?" बाबा.

त्यासाठी अ‍ॅक्युम्युलेटर असतो, मी रुबाबात सांगितलं. वीज गेली तरी गच्चीवरच्या टाकीत बादलीभर पाणी असतं, तसा यात दोन-तीन ब्रेकपुरता दाब साठलेला असतो.

"टाकी भरलीय का ते नळ सोडल्याशिवाय कळत नाही. उतारावर घे. इंजिन बंद, न्यूट्रल. मी मोजतो."

आमच्या गराजसमोरचा उतार थेट रस्त्यापर्यंत जातो, आणि तळाशी म्हातारबुवांची टपालपेटी आहे. फोन डॅशबोर्डवर टेकवला. गाडी हलली.

"एक," बाबा म्हणाले. मऊ, लोण्यासारखा. थांबली. सोडला.

"दोन." थांबली.

"तीन." थांबली, पण जरा घुश्शात.

चौथ्याला पेडल खाली जाईचना. दोन्ही पाय लावले, ढुंगण सीटवरून उचललं. टपालपेटी सावकाश मोठी होत होती.

"बाबा, दगड! दगड झालाय!"

"मग लाव की चाकाला," बाबा म्हणाले. "पहिल्या दिवसापासून काय सांगतोय मी?"