टकटक ऐकली म्हणून रिंग गेल्या असं नसतं

एक सल्ला सध्या या फोनवरून त्या फोनवर फिरतोय: ‘इंजिन टकटक करतंय आणि एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी लागलं, तर समजा रिंग गेल्या. घट्ट ऑइल टाकून बघा, आवाज थांबला तर ठीक. नाहीतर इंजिन खोला.’ (रिंग म्हणजे पिस्टनभोवतीची कडी; कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब.) यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्यापायी लोक धडधाकट इंजिनं खोलून बसतात, म्हणून हे लिहितोय.

‘टकटक आणि कमी कॉम्प्रेशन म्हणजे रिंग.’ झिजलेल्या रिंगा टकटक करत नाहीत. त्या ऑइल खातात, निळा धूर सोडतात. टकटक बहुतेक वेळा वरून, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपांच्या, व्हॉल्व्हच्या बाजूने येते. आता इथे एक उलटी गोष्ट आहे. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणारा भाग, ढिला असेल तर आवाज येतो, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसतो, त्यामुळे कॉम्प्रेशन सहसा शाबूत राहतं. टॅपेट घट्ट असेल तर आवाज अजिबात नाही, पण इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे त्याच्या बसायच्या जागेवर, नीट टेकतच नाही. कॉम्प्रेशन गळतं, आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. म्हणजे आवाज एका सिलिंडरचा आणि गळती दुसऱ्याची, असंही होऊ शकतं. दोन्ही तक्रारी एकत्र दिसल्या म्हणून कारण एकच, हे गृहीत धरू नका.

‘कॉम्प्रेशन कमी लागलं.’ कसं मोजलं, हे आधी विचारा. इंजिन गरम हवं, बॅटरी भरलेली हवी, सगळे प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. थ्रॉटल बंद ठेवून सेल्फ मारला तर हवाच आत येत नाही आणि चारही सिलिंडर आजारी दिसतात. नुसता एक आकडाही पुरेसा नाही, सिलिंडरांमधला फरक बघायचा असतो. समजा पेट्रोल इंजिनात १७०, १६५, ९० आणि १६८ पीएसआय (दाबाचं एकक) आले, तर तिसऱ्यात नक्की गडबड आहे. चारही सारखेच कमी असतील तर पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताळमेळ राखणारा टायमिंगचा पट्टा एखादा दात सरकलाय का, ते आधी बघावं. शेजारशेजारचे दोनच कमी असतील तर मधल्या हेड गॅस्केटवर, म्हणजे सिलिंडर आणि वरच्या हेडमधल्या सीलवर, संशय घ्या.

तिसऱ्यातले ९० रिंगचे की व्हॉल्व्हचे, हे इंजिन न खोलता कळतं. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा १३०-१४० वर गेला तर ऑइलने रिंगेची फट भरली, दोष तिथलाच. ९५ वरच अडकला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. डिझेलवर हा प्रयोग करू नका. तिथे पिस्टनच्या वरची जागा इतकी थोडी असते की ऑइलच खोटा आकडा दाखवतं.

याहून खात्रीची म्हणजे लीक-डाउन टेस्ट. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंग. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट. माझ्या मते, ही टेस्ट न करता इंजिन उतरवायला होकार देऊच नये.

‘घट्ट ऑइल टाका.’ त्याने आवाज दबतो, बिघाड तसाच राहतो. शिवाय थंड इंजिनात असं ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचतं, म्हणजे रोज सकाळी झीज वाढवणारा उपाय. कंपनीच्या पुस्तकात दिलेलाच ग्रेड वापरा.

‘आवाज थांबला तर ठीक.’ एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांची) गळती थंडपणी टकटकते आणि लोखंड तापून फुगलं की गप्प होते; गळती मात्र असतेच. इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरची बारीक टिकटिक तर नवीन गाडीतही असते. खरी भीती खालून येणाऱ्या जड ठोक्याची. एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढून बघा. ज्याचं काढल्यावर ठोका मऊ होतो, त्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या दांड्याचं, बेअरिंग संशयित. अशा ठोक्याबरोबर ऑइलचा लाल दिवा लागला, तर इंजिन त्याच क्षणी बंद करा आणि गाडी ओढून न्या.